फुगेवालीचा फाँट

कचेरीत तिला सगळे फुगेवाली म्हणत. नवा माणूस आला की त्याला वाटे, ही बाई बाजारात फुगे विकत असणार आणि चुकून या जिन्याने वर आली असणार. मग कोणीतरी त्याला सांगे, की चित्रकथेत पात्रांच्या तोंडाशी जे पांढरे गोल काढतात आणि ज्यांत त्यांचं बोलणं लिहितात, त्यांना फुगे म्हणतात. गेली एकतीस वर्षं या साप्ताहिकातला प्रत्येक फुगा या बाईंनीच लिहिलाय. नवा माणूस हमखास विचारी, "म्हणजे हे सगळं हातानं लिहितात?" त्यावर फुगेवाली मान वर न करता म्हणे, "नाही, पायानं."

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. दहाव्या वर्षी ती त्यांच्या शिडीखाली उभी राहून रंगाचा डबा धरायची, बाराव्या वर्षी अक्षरांच्या पोटात रंग भरायची आणि पंधराव्या वर्षी वडिलांना सांगायची, की दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरात जागा जास्त सुटलीय. वडील रागवायचे आणि मग पुसून पुन्हा काढायचे. बाविसाव्या वर्षी ती साप्ताहिकाच्या कचेरीत आली ती हातात एक पाटी घेऊन. पाटीवर लिहिलं होतं, "इथे कामाला माणूस हवा आहे काय?" तेव्हाच्या संपादकांनी पाटी वाचली, अक्षर बघितलं आणि टेबल दाखवलं.

साप्ताहिकाचा नायक एक वेंधळा हेर होता. चोर पुढच्या घरात असला, की हा शेजारच्या घराची झडती घेणार. फुगेवालीने त्याला किंचित पुढे झुकलेलं अक्षर दिलं, कारण तो नेहमी घाईत असे. त्याच्या सासूला तिने असं ठसठशीत अक्षर दिलं, की लोक तो फुगा मनातल्या मनातसुद्धा मोठ्याने वाचत. आता वाचणाऱ्याला हे कळतं का, तर अजिबात नाही. वाचकांची पत्रं यायची ती चित्रकाराच्या नावाने. फुगेवालीला एकतीस वर्षांत एकच पत्र आलं, आणि ते वीजकंपनीचं होतं.

चित्रकार तिच्याहून आठ वर्षांनी मोठे आणि तोंडाने त्याहूनही मोठे. "बाई, माझ्या ढगांवर तुमचे फुगे बसतात," हे ते दर आठवड्याला म्हणत. "मग ढग कमी काढा," हे ती दर आठवड्याला म्हणे. चित्रकथा इतर भाषांतही निघायची, म्हणून ती चित्रावर थेट लिहीत नसे. चित्राच्या कागदावर एक पारदर्शक शीट अंथरायची, तिच्यावर लिहायचं, आणि छापताना दोन्ही एकावर एक ठेवायची, अशी रीत होती. त्यामुळे भांडणाच्या वेळी चित्रकार शीट उचलून दाखवत, की बघा, तुमच्याविना चित्र कसं मोकळं दिसतं. तीही चित्र बाजूला करून नुसती शीट उजेडात धरे.

आणि याच रीतीने शेवटी घात केला.

साप्ताहिकाच्या जुन्या संपादकांची मुलगी आता संपादक झाली होती. लहानपणी ती याच कचेरीत टेबलाखाली बसून रंगकाम करायची, त्यामुळे ती फुगेवालीला मावशी म्हणे. तिने ठरवलं, की वेंधळ्या हेराच्या निवडक गोष्टींचं दोनशे तीस पानांचं मोठं पुस्तक काढायचं. कोठाराचं कुलूप उघडलं. वरच्या फळीवर चित्रांचे गठ्ठे होते, ते धडधाकट निघाले. खालच्या फळीवर पारदर्शक शीटांचे गठ्ठे होते, आणि त्यांच्यामागच्या भिंतीतला पाण्याचा नळ कोणालाही न सांगता कित्येक वर्षं झिरपत होता. शीटा एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. संपादक आणि फुगेवाली, दोघींनी सुरी घालून एक सोडवली, तर शाई सुरीबरोबर पापुद्र्यासारखी निघून आली. एकतीस वर्षांची चित्रं शिल्लक राहिली आणि बोलणं तेवढं गेलं.

पुन्हा लिहायचं म्हटलं, तर फुगेवालीचा अंगठा तयार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याचा एक्स-रे उजेडात धरून सांगितलं होतं, की मुळाशी सांधा झिजलाय. पेन धरायचं तर दिवसाला अर्धा तास, वर एक मिनिट नाही. दोनशे तीस पानांत दीड हजारांवर फुगे होते. अर्ध्या तासात चार होतात. हा हिशेब संपादकाने मनातल्या मनात केला आणि फुगेवालीनेही केला.

"मावशी, बारा आठवड्यांनी छपाई आहे," संपादक शेवटी म्हणाली. "मी एक तयार फाँट बघून ठेवलाय. मला वाईट वाटतंय, पण दुसरं काही सुचत नाही."

फाँट म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करायला अक्षरांचा तयार संच, एवढं फुगेवालीला माहीत होतं. तिने नमुन्याचं पान बघितलं. अक्षर गोड, गुबगुबीत होतं. हेर, सासू, चोर आणि पोलीस सगळे एकाच आईने न्हाऊमाखू घालून पाठवल्यासारखे बोलत होते. चित्रकाराचा हात पुस्तकात राहणार आणि आपला जाणार, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही, हे तिला त्या एका पानात स्वच्छ दिसलं.

"मी माझ्या हाताचा फाँट करून देते," ती म्हणाली.

"तुम्हाला येतो?"

"बाविसाव्या वर्षी फुगे तरी कुठे येत होते?"

ठरलं असं, की बारा आठवड्यांत फाँट झाला तर पुस्तक तिच्या अक्षरात. नाही झाला, तर तयार फाँटची पानं बाजूला लावून ठेवलेलीच असतील, ती छापायची. संपादकाने हे मायेने सांगितलं, पण सांगितलं.

आता हा विषय म्हणजे कचेरीतल्या मांडणीवाल्याचा. मांडणीवाला म्हणजे पानावर चित्र आणि मजकूर जुळवणारा गृहस्थ, वय पस्तीस, कानात सदैव गाणी. फुगेवालीला आठवलं, की वीस वर्षांपूर्वी त्याच्या जागेवरच्या माणसाने तिची अक्षरं कॉम्प्युटरवर चढवली होती आणि एक सीडी तिला दिली होती. ती सीडी तिने आणून दिली. मांडणीवाल्याने आत डोकावून च्-च् केलं.

"मावशी, हा जुन्या जातीचा फाँट आहे. याच्या जोडीने दोन फायली असायच्या. एकीत अक्षरांचे आकार, दुसरीत कुठलं अक्षर किती जागा घेणार त्याची मापं. तुमच्याकडे आकार आहेत, मापं नाहीत. आणि दोन्ही असत्या तरी आपलं नवं सॉफ्टवेअर या जातीला दारात उभं करत नाही."

ऐकून दुसरं कोणी खट्टू झालं असतं. फुगेवाली खूश झाली. अक्षर म्हणजे नुसता आकार नाही, त्याच्या दोन्ही अंगांची मोकळी जागाही अक्षरातच मोजायची, हे ती पंधराव्या वर्षापासून शिडीखालून ओरडत आली होती. ही गोष्ट कॉम्प्युटरवाल्यांनाही ठाऊक आहे म्हटल्यावर तिला ती माणसं एकदम आपल्यातली वाटू लागली.

मांडणीवाल्याने सोपी वाट दाखवली. एका वेबसाइटवरून चौकटींचा कागद छापायचा, चौकटीत एकेक अक्षर काढायचं, फोटो पाठवायचा, फाँट हजर. फुगेवालीने रोजचा अर्धा तास असे आठ दिवस खर्चून कागद भरले. परत आल्या तीन फायली. नाव एकच, पण शेपट्या वेगळ्या: एकीला टीटीएफ, दुसरीला ओटीएफ, तिसरीला वॉफ.

"यांतली कुठली घेऊ?"

"कुठलीही घ्या हो. सगळ्या सारख्याच."

सगळ्या सारख्या असत्या, तर तीन कशाला दिल्या असत्या? पण शिकणाऱ्याने मूग गिळायचे असतात. तिने घरी जाऊन तिसरी उघडली, तर कॉम्प्युटर ढिम्म. दोन दिवस डोकेफोड केल्यावर कळलं, की वॉफ ही वेबसाइटसाठी दाबून बांधलेली पुरचुंडी असते. ती ब्राउझरने सोडायची, आपण घरच्या कॉम्प्युटरवर बसवायची नाही. मग तिने पहिली बसवली आणि एक पान लावून चित्रकारांना दाखवलं. त्या पानात हेर काळोख्या तळघरात चोराला बघून घाबरतो आणि म्हणतो, "त... त... तो बघा."

चित्रकारांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा हेर बोलतोय की तिकिटाचं यंत्र?"

एरवी तिने सव्याज परत केलं असतं. पण म्हातारा बरोबर बोलत होता. तीन त साच्यातल्या विटांसारखे एकसारखे होते. माणूस घाबरला की तीनदा सारखाच घाबरत नाही. पहिला त उडतो, दुसरा अडखळतो, तिसरा कसाबसा बाहेर येतो. हाताने लिहिताना हे न सांगता होत असे. त्यातून जोडाक्षरांची तर दैना होती, एकेकाचे तुकडे होऊन शेजारी शेजारी पडले होते. तिने पान घडी करून पर्समध्ये टाकलं आणि फाँट बनवायचं खरं सॉफ्टवेअर कुठे मिळतं ते विचारलं.

घरी ती आणि तिची नणंद अशा दोघीच राहत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. नणंद वयाने मोठी, म्हणून ती तिला ताई म्हणे. ताई कपड्यांच्या कारखान्यासाठी कागदी बेतणीचे नमुने कापायच्या, आणि जेवणाचं टेबल दोघींत वाटलेलं होतं: अर्ध्यावर ताईंचे नमुने, अर्ध्यावर फुगेवालीचा कॉम्प्युटर, आणि जेवण मांडीवर.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिने एक अक्षर मोठं करून बघितलं आणि कपाळाला हात लावला. वेबसाइटने काढलेल्या आकाराच्या कडेला एकशे चाळीस ठिपके होते, आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. ताई मागून बघत होत्या.

"वहिनी, एवढ्याशा बाकाला इतक्या टाचण्या कशाला? गळा कापताना मी तीन लावते."

"कुठे लावता?"

"जिथे वळतं तिथे. मधे लावून काय करायचंय, मधे कागद आपला आपण जातो."

हे एक वाक्य फुगेवालीला पुढच्या दोन महिन्यांत मिळालेल्या सगळ्या पुस्तकी ज्ञानाहून मोलाचं ठरलं. एकशे चाळीसचे एकोणीस ठिपके झाले आणि कड तिच्या पेनच्या कडेसारखी वाहू लागली. पुढे वाचताना कळलं, की टीटीएफ आणि ओटीएफमधला मुख्य फरक साधारणपणे इथेच असतो. दोघांची बाक सांगायची रीत वेगळी. ओटीएफला थोड्या टाचण्या पुरतात, टीटीएफला तोच बाक सांगायला जास्त लागतात. दिसायला दोन्ही बाक तेच. हे तिने ताईंना समजावलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "म्हणजे एक शिंपी माझ्यासारखा आणि दुसरा घाबरट."

मग सुरू झालं खरं काम. सकाळी अर्धा तास पेन. घड्याळाचा गजर झाला की ताई हातातून पेन काढून घेत, अक्षर अर्धं असलं तरी. बाकीचा दिवस डाव्या हाताने माउस. साडेतीनशे आकार झाले, जोडाक्षरांसकट. त्यांतली जी साठ नेहमी लागतात, त्यांची तिने तीन-तीन रूपं काढली: एक सरळ, एक किंचित उडालेलं, एक दमलेलं. सासूसाठी ठसठशीत संच वेगळा. सातव्या आठवड्यात तिने मांडणीवाल्याला विचारलं, की ही तीन रूपं आळीपाळीने आपोआप यायला काय करायचं?

"ओटीएफ काढा," तो एक कान मोकळा करून म्हणाला. "टीटीएफला अक्कल नसते. ओटीएफ हुशार असतो, आपोआप बदलतो."

तिने ओटीएफ काढला. "त... त... तो" टाइप केलं. तीन त पुन्हा तसेच, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मांडणीवाल्याने खांदे उडवले आणि दुसरा कानही बंद केला.

फुगेवालीने त्या दिवसापासून सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं, बाजूला शब्दकोश ठेवून. अकरा दिवस वाचलं. कधी एका पानाला सकाळ जाई, आणि पान संपल्यावर कळे की ते आपल्या कामाचंच नव्हतं. ताईंनी दोनदा विचारलं, की सोडून देतेस का. बाराव्या दिवशी तिला सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की तिला स्वतःचाच राग आला. शेपटीवर काही नव्हतंच. फाँटच्या पोटात नियमांना एक जागा असते, टीटीएफमध्येही आणि ओटीएफमध्येही. तिथे आपण लिहून ठेवायचं, की मागच्या चार अक्षरांत हेच अक्षर येऊन गेलं असेल तर आता दुसरं रूप घे. दुसरंही आलं असेल तर तिसरं. ती जागा तिच्या फाँटमध्ये रिकामी होती, म्हणून फाँट गप्प होता.

तिने नियम लिहिले, फाँट पुन्हा काढला, बसवला, आणि टाइप केलं. पहिला त उडाला. दुसरा अडखळला. तिसरा कसाबसा बाहेर आला.

तिला एकदम रडू आलं. ताई कात्री हातात घेऊन धावत आल्या. "काय झालं, वहिनी?"

"घाबरला," फुगेवाली डोळे पुसत म्हणाली. "नीट घाबरला."

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने मांडणीवाल्याचे दोन्ही कान मोकळे करवले आणि सांगितलं, "शेपटीत अक्कल नसते. अक्कल आपण लिहून घालायची असते." मग त्याने गाणी बंद करून खुर्ची तिच्याकडे ओढली आणि नियम कसे लिहिले ते दाखवायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

दहाव्या आठवड्यात फाँट पूर्ण झाला. शेवटी सॉफ्टवेअरने एक फॉर्म भरायला दिला: फाँटचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, आणि खाली एक प्रश्न, की हा फाँट दुसऱ्या फायलींच्या आत घालून पाठवायला परवानगी आहे का. फुगेवालीचे डोळे बारीक झाले. पूर्वी एका जाहिरातवाल्याने सासूच्या फुग्यातली तिची अक्षरं कापून घेतली होती आणि ढेकणांच्या औषधाच्या डब्यावर चिकटवली होती. तिला ना कोणी विचारलं, ना सांगितलं. रोज बाजारात जाताना तिला आपलंच अक्षर ढेकणांना धमकावताना दिसे. तिने सगळ्यांत वरचा पर्याय निवडला: सक्त मनाई. दाराला भक्कम कुलूप लावल्याचं समाधान झालं आणि ती सुखाने जेवली.

दोन आठवड्यांत मांडणीवाल्याने दोनशे तीस पानं लावली. संपादकाने पडद्यावर एकेक पान बघितलं आणि मावशीचा हात धरला, डावा. पानं छापखान्यात गेली. सगळं पार पडलं असं वाटलं.

छपाईच्या दिवशी सकाळी सव्वाअकराला छापखान्याच्या फोरमनचा फोन आला. हा माणूस शब्द जपून वापरी.

"बाई, फुग्यांत भलतंच कोणीतरी बोलतंय."

त्याने फोटो पाठवला. सगळ्या फुग्यांत कॉम्प्युटरचं कुठलंतरी सरकारी अर्जासारखं अक्षर होतं, निम्मे शब्द फुग्याबाहेर आले होते, आणि सासू बँकेच्या नोटिशीसारखी बोलत होती. मांडणीवाल्याने आपल्या पडद्यावर तीच फाईल उघडली. तिथे सगळं ठीक, प्रत्येक त जागच्या जागी. संपादकाने फोनवर हात ठेवला.

"दोन वाजता मशीन सुरू होणार, मावशी. दोन वाजले की त्यांना थांबता येणार नाही, मागे दुसऱ्यांची कामं आहेत. तयार फाँटची फाईल त्यांच्याकडे पाठवून ठेवलेली आहे. मी त्यांना नुसतं हो म्हणायचंय."

"दोन वाजायला अजून अडीच तास आहेत," फुगेवाली म्हणाली. "तू हो म्हणू नकोस."

फोरमनने एक उपाय सुचवला: सगळी अक्षरं मोडून नुसते आकार करून पाठवा, म्हणजे फाँटची गरजच नाही. मांडणीवाला लगेच तयार झाला. फुगेवालीने नकार दिला. एकदा आकार झाले की त्यांतला एक कानासुद्धा सुधारता येत नाही, आणि मुद्रितशोधकाच्या अठरा दुरुस्त्या अजून घालायच्या होत्या. मुळात रोग कळल्याशिवाय औषध घ्यायचं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने खुर्ची ओढली आणि मोठ्याने विचार करायला लागली.

"तुमच्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसतंय, कारण माझा फाँट इथे बसवलेला आहे. फाईल त्याला इथूनच बोलावते. छापखान्यात तो बसवलेला नाही. म्हणजे फाँट फाईलच्या पोटात बसून जायला हवा होता. तो गेला नाही. का गेला नाही?"

मांडणीवाला हळूच म्हणाला, "मावशी, फाईल काढताना एक सूचना आली होती. मी वाचली नाही. ओके दाबलं."

"काय होती?"

"परवानगीचं काहीतरी."

आणि फुगेवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने फाँट उघडला, तो फॉर्म काढला, आणि समोर तिचंच कुलूप दिसलं. स्वतः दार बंद करून पाहुणे का येत नाहीत म्हणून वाट बघत बसावं, तसं तिने केलं होतं. एका ढेकणांच्या डब्यावरचा राग तिने दोनशे तीस पानांवर काढला होता. दुसरी एखादी हे पोटात ठेवून गुपचूप दुरुस्त करती आणि खापर मांडणीवाल्याच्या ओकेवर फुटू देती. फुगेवाली उठून उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "फाँटला मीच घराबाहेर पडायला मनाई केलीय. अर्धा तास द्या."

तिने मनाई काढली आणि खालचा पर्याय निवडला: बघायला आणि छापायला परवानगी, बाकी नाही. फाँट नव्याने काढला. कॉम्प्युटर जुन्या फाँटची आठवण धरून बसतो हे तिने माहितीपुस्तकाच्या शहाऐंशीव्या पानावर वाचलं होतं, म्हणून नावापुढे दोनचा आकडा घातला आणि जुना मुळासकट काढून टाकला. मांडणीवाल्याने सगळी पानं नव्या फाँटवर घेतली आणि त्या अठरा दुरुस्त्याही घातल्या. या वेळी त्याने आलेली प्रत्येक सूचना मोठ्याने वाचली, अगदी कागदाच्या आकाराचीसुद्धा. फाईल तयार झाली. तिने त्याला फाईलमधल्या फाँटची यादी उघडायला लावली. तिच्या फाँटच्या नावापुढे लिहिलेलं होतं, की हा फाँट फाईलच्या आत आहे.

"आता ती फाईल," ती म्हणाली, "जिथे माझा फाँट कधी गेलाच नाही अशा कॉम्प्युटरवर उघडा."

पोस्टाची नोंद करणाऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली. सासू सासूसारखी बोलली. एक वाजून वीस मिनिटांनी फाईल छापखान्यात गेली. दोनला दहा कमी असताना फोन वाजला. संपादकाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"हां," फोरमन म्हणाला. "आता बाई बोलतायत."

मांडणीवाल्याने टाळी वाजवली. संपादक खुर्चीत मटकन बसली आणि हसायला लागली. फुगेवालीने पाणी मागितलं, कारण सकाळपासून घशाखाली घोट गेला नव्हता.

संध्याकाळी सगळे छापखान्यात गेले. चित्रकारही आले, कोणी बोलावलं नसताना. मशीनमधून मोठमोठे कागद एकावर एक पडत होते, एकेका कागदावर सोळा पानं. शाईच्या वासाने आणि खडखडाटाने खोली भरली होती. फोरमनने एक कागद उचलून उजेडाच्या टेबलावर अंथरला. फुगेवाली त्यावर वाकली. तिचे फुगे, तिचा झुकलेला हेर, तिची ठसठशीत सासू. तिला इतका आनंद झाला, की तो लपवायचं तिला सुचलंच नाही.

"मावशी," संपादक म्हणाली, "या सोळांत एक पान फाँटचं नाही. जुनं आहे, तुमच्या हातचं. सकाळच्या धांदलीत सांगायचं राहिलं."

"कुठून आणलंस? सगळं तर नळाने खाल्लं."

संपादकाने चित्रकारांकडे बघितलं. चित्रकार मशीनकडे बघत होते.

"माझ्या घरी होतं," ते म्हणाले. "भिंतीवर. वीसेक वर्षं झाली."

"चित्र?"

"चित्र आणि वरची शीट. नुसतं चित्र लावलं होतं आधी, पण हेर मुका वाटायला लागला."

फुगेवालीने त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं दर आठवड्याला शीट उचलून दाखवणारा माणूस, आणि घरी भिंतीवर ती लावून बसलेला. तिने फोरमनकडून भिंग घेतलं आणि पुन्हा कागदावर वाकली. स्वतःचा हात ओळखायला कितीसा वेळ लागणार? तिने सोळाही पानं बघितली. मग पुन्हा बघितली. दोन पानांवर घुटमळली. शेवटी ठामपणे एका पानावर बोट ठेवलं.

"हे. हा र बघा, हे वळण हातालाच येतं."

मांडणीवाल्याने तोंडावर हात धरला. चित्रकारांनी पुढे होऊन शेजारच्या पानावर आपलं बोट टेकवलं.

"हे आहे, बाई. रोज चहा पिताना बघतो मी. तुम्ही दाखवलंत ते या महिन्यातलं." ते मनापासून हसले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात."

फुगेवालीने भिंग एका पानावर धरलं, मग दुसऱ्यावर, आणि ताठ उभी राहिली.

"चुकले कुठे?" ती म्हणाली. "दोन्ही माझीच आहेत."